बाहेरच्या बाजूरेषेवरील खुर्ची मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
पंच नियुक्ती समिती,
पुरुष व्यावसायिक टेनिस स्पर्धा,
गोदातीर टेनिस संकुल, ता. कोपरगाव, जि. अहिल्यानगर.

विषय : पुरुष दुहेरीच्या उपांत्य व अंतिम सामन्यांत लाइन पंच म्हणून ठरावीक जागी नेमणूक मिळणेबाबत.

संदर्भ : १) लाइन पंचांसाठी आपल्या समितीचे आवाहन, दि. २४ नोव्हेंबर २०२५.
२) माझे वडील कै. भागवत चांदगुडे यांना पंच यादीतून वगळल्याचे पत्र, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

आपण दिलेला नमुना अर्ज भरून सोबत जोडला आहे. त्याच्या नवव्या रकान्यात विचारले आहे, 'स्पर्धेतील खेळाडू अथवा पदाधिकारी यांच्याशी आपला काही हितसंबंध आहे काय?' तेथे मी 'आहे' असे लिहिले आहे. खुलाशासाठी जागा एका ओळीची होती, म्हणून हा स्वतंत्र अर्ज.

माझे वडील निवृत्त क्रीडाशिक्षक होते आणि संकुलात ही स्पर्धा सुरू झाल्यापासून लाइन पंच होते. ते दरवर्षी दुहेरीची बाहेरची बाजूरेषा मागून घेत. एकेरीत त्या रेषेकडे कोणी पाहत नाही, दुहेरीत मात्र कोर्ट तेवढे रुंद होते आणि तिच्यावर सामने जातात, असे त्यांचे म्हणणे होते. गेल्या जानेवारीत उपांत्य सामन्याला ते मंडपाकडच्या बाजूरेषेवर बसले होते. त्यांच्या मागे चार हातांवर सोफ्यावर संकुलाचे सचिव श्री. वैजनाथ तुपे होते आणि कोर्टवर सचिवांचे चिरंजीव आदिनाथ खेळत होते. निर्णायक टायब्रेकमध्ये समोरची जोडी नऊ-आठ अशी पुढे असताना आदिनाथ यांचा फटका रेषेबाहेर पडला. वडिलांनी 'आउट' दिला. मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरून आले, त्यांनी वाकून मातीवरचा वण पाहिला, वण आणि रेषा यांत बोटभर अंतर असल्याचे दाखवले आणि निर्णय कायम केला. सामना तेथे संपला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्याला वडिलांना फाटकावर पास तपासायला उभे केले. बक्षीस समारंभात सचिव माइकवर म्हणाले, "आपले भागवत सर आता थकले. त्यांना एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात न्या रे कोणीतरी, खर्च माझा." लोक हसले. वडीलही हसले. सगळा मंडप आपल्याकडे वळून पाहत असताना माणूस आणखी काय करणार? पुढच्या पंधरवड्यात संदर्भ क्र. २ चे पत्र आले. त्यात कारण 'दृष्टिदोष' असे आहे.

वडिलांना चेंडू दिसला होता. पण आपल्याला दिसले ते खरेच दिसले का, ही शंका त्यांच्या मनात शिरली. ते रोज सकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन येणाऱ्या गाड्यांचे नंबर लांबून वाचत आणि गाडी जवळ आली की मला पडताळायला लावत. एकही चुकला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. श्रीरामपूरला जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले, निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र समितीला पाठवले. त्याची पोच आली नाही. १९ जून रोजी ते वारले. दाखल्यावर हृदयविकार असे कारण आहे आणि त्याबाबत माझी कोणावरही तक्रार नाही. माझी तक्रार त्याआधीच्या साडेचार महिन्यांबद्दल आहे.

गेल्या आठवड्यात संकुलाचे व्यवस्थापक श्री. गोरक्ष आमच्या घरी आले. दुहेरीच्या चषकाला वडिलांचे नाव द्यायचे, तो सचिवांनी स्वहस्ते द्यायचा आणि सरांविषयी दोन शब्द बोलायचे, असा प्रस्ताव होता. "साहेबांचं मन लई मोठं हाय, ताई," असे ते म्हणाले. माझी आई मालनबाई म्हणाली, "घे बाई. नाव तरी ऱ्हाईल त्यांचं." मी म्हटले, चषक राहू द्या, त्या दिवशी सर बरोबर होते एवढे त्याच माइकवर बोलायला सांगा. गोरक्ष यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "तेवढं सोडून काय बी सांगा." मी चषक नाकारला. आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

सप्टेंबरमध्ये पुण्याला जाऊन मी लाइन पंचांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, रॅकेट कधी हातात धरलेली नाही. पण या कामाला रॅकेट लागत नाही. माझी विनंती अशी की, चि. आदिनाथ यांच्या उपांत्य सामन्यात, व ते जिंकल्यास अंतिम सामन्यातही, मला मंडपाकडच्या त्याच बाजूरेषेवर बसवावे. सचिवांचा सोफा जेथे असतो तेथेच ठेवावा, उन्हाचे कारण सांगून हलवू देऊ नये. चि. आदिनाथ उपांत्य फेरी गाठोत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यांच्या पहिल्या फेरीपासून मी रजा टाकली असून प्रेक्षकांत बसून टाळ्याही वाजवणार आहे.

ही मागणी सुडाची आहे. हे झाकून ठेवून नेमणूक मिळवणे मला जमले असते, पण योग्य वाटले नाही. माझ्या वाचनात आलेले बहुतेक सूड खोटेपणामुळे नासले. मला खोटे बोलायचेच नाही. चेंडू जेथे पडेल तेथेच पडला, असे मी सांगणार आहे. शिवाय वण मातीवर राहतो. माझा एक जरी निर्णय चुकला, तर मुख्य पंचांनी तो तिथल्या तिथे बदलावा आणि मला कायमचे काढून टाकावे. वडिलांना बरोबर ठरल्यावर काढले, मला निदान चुकल्यावर काढा.

फटका बाहेर गेला तर मी 'आउट' म्हणेन आणि सचिवांना ते चार हातांवरून ऐकावे लागेल. आणि तो रेषेवर पडून त्यांचा मुलगा जिंकला, तर ज्या घराला दिसत नाही असे त्यांनी माइकवर सांगितले, त्या घरातल्या माणसाच्या शब्दावर त्यांना मुलाचा विजय घरी न्यावा लागेल. मला दोन्ही चालेल.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सत्यशीला भागवत चांदगुडे
कोपरगाव, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत : १) भरलेला नमुना अर्ज
२) लाइन पंच अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र
३) नेत्रतपासणीची प्रमाणपत्रे – दोन (माझे व वडिलांचे)