कॅन्सर नाही, पण

२ डिसेंबर १९९३
ओ.पी.डी.त डाव्या गालाला मफलर गुंडाळून बसलेला एक जण. सखाराम. तिशीच्या आतबाहेरचा. फुलंब्रीच्या पुढच्या वाडीचा, धनगर. वाळूजला कंपनीत प्रेसवर, कंत्राटी. बोलते सगळं बायकोच, गोदा. "दुखत नाय, खुपत नाय बाई. नुस्तं वाढतंय." गावाकडं एकानं दाढ उपटली. गाल बसला नाही म्हणून दुसऱ्यानं शेजारची उपटली.

मफलर काढेना. दार लोटलं तेव्हा काढला. खालचा जबडा डावीकडं चांगलाच फुगलेला, कडक. एका जागी बोटाखाली अंड्याचं कवच दबावं तसं झालं. जिभेच्या बाजूनंही फुगवटा. ओठ बधिर नाही. मानेत गाठी नाहीत. हे दोन्ही बरं.

निघताना गोदा मागं रेंगाळली. "त्येच हाय का?" शब्द काही तोंडातून काढला नाही. म्हटलं, एक्स-रे बघू.

४ डिसें.
एक्स-रे आला. साबणाच्या फेसासारखे गोल, एकाला एक चिकटून, मागच्या दाढेपासून वर कानाकडं चढलेले. उरलेल्या दाढेची मुळं सुरीनं छाटल्यासारखी आखूड. ती मुळं बघितली आणि डोक्यात एकच नाव आलं, अमेलोब्लास्टोमा, जबड्याचं हाड खाणारी गाठ. बोलले नाही.

सर म्हणाले, सिस्ट. पाण्याची पिशवी. "उघडायची, खरवडायची, आठवड्यात घरी." विभागात शेवटचा शब्द त्यांचाच, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. मी मुळांकडं बोट दाखवलं. "पुस्तकं जास्त वाचता तुम्ही." रागानं नाही म्हणाले.

९ डिसें.
सुई घातली. पिवळसर पाणी आलं. सर नुसते माझ्याकडं बघून हसले. पाणी आलं की सिस्ट हे खरं, पण अमेलो.मध्येही पोकळ्या असतात, पाणी भरतं. सरांनीच पुढच्या बाजूनं एक तुकडा काढून तपासायला पाठवला. लहान होता.

संध्याकाळी क्रांती चौकात मोर्चा अडवलेला. रिक्षा मिळेना, उस्मानपुऱ्यापर्यंत चालत. आई दारातच उभी. विद्यापीठाच्या नामांतराची बातमी आली की ती अशीच दारात येऊन उभी राहते, अठ्ठ्याहत्तरला आपल्या वस्त्या जाळल्या तेव्हापासून.

१८ डिसें.
रिपोर्ट: सिस्टचं अस्तर, सूज. बाकी काही नाही.

सर: "झालं समाधान?"
मी: "तुकडा पुढच्या पोकळीतला आहे सर. मागं दाबलं तर भरीव लागतं. तिथला घेऊ या."
"आणि तिथंही सिस्टच निघाली तर? त्याला दुसऱ्यांदा विनाकारण कापलं, हे लक्षात राहील ना तुमच्या?"

राहील, म्हटलं. खरवडून घरी पाठवलं आणि अमेलो. असली, तर दोन-चार वर्षांत दुप्पट होऊन येणार. नसली, तर मी एक हट्टी बाई. दोन्हीत जबडा सखारामचाच.

२२ डिसें.
मागून तुकडा घेतला. जाड, पांढुरका. सखारामनं हूं की चूं केलं नाही. खुर्चीचा हात मात्र असा धरला होता की सिस्टरनी सोडवला. "सायेब म्हनला, अजून खाडा झाला तर गेटावर येऊ नको." सायेब म्हणजे कंत्राटदार. सुट्टीसाठी चिठ्ठी लिहून दिली. चालेल की नाही माहीत नाही.

३१ डिसें.
कादरी मॅडमनी फोन करून पॅथॉलॉजीत बोलावलं. सिल्लोडच्या, आवाज खणखणीत. "आओ, देखो. और मेरे पे मत चिल्लाना, पहला टुकडाच छोटा था."

डोळा लावला. बेटं बेटं. प्रत्येक बेटाच्या कडेला उंच पेशी ओळीनं उभ्या, केंद्रकं कडेपासून आत सरकलेली, मधे विरळ, ताऱ्यांसारख्या. पोटातल्या बाळाच्या हिरडीत दात घडताना दिसतं, हुबेहूब तसं. दात घडवायला बसलेल्या पेशी, पण दात काही करत नाहीत, नुसत्या वाढतात.

अमेलोब्लास्टोमा. मला आनंद झाला. आणि लगेच स्वतःचीच किळस आली. आनंद कसला?

सरांनी स्लाइड बराच वेळ बघितली. मग इतकंच, "तारीख द्या. जबडा काढावा लागेल डावीकडचा."

३ जानेवारी
दोघांना सांगितलं. चुकलंच माझं सांगण्यात काहीतरी. सुरुवातच केली, "कॅन्सर नाही." पुढं "पण" होतं, ते कुणी ऐकलंच नाही. गोदा रडायलाच लागली. सखारामनं माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतःहून मफलर काढला. "साधी गाठ हाय मनं! साधी!" मी हाडाचं, ऑपरेशनचं, दहा तारखेला भरती व्हायचं, सगळं सांगितलं. तो व्हय व्हय करत होता. चेहरा एवढा मोकळा की…

१० जाने.
आले नाहीत. कॉट रिकामी.

१२ जाने.
नाहीत. सर म्हणाले, येतील, संक्रांत होऊ दे. शहरात कुजबुज, निर्णय होणार म्हणून. औरंगपुऱ्यात दुपारीच शटरं खाली. आई म्हणते, दवाखान्यातून थेट घरी.

१४ जाने.
झालं नामांतर. रेडिओवर ऐकलं. वस्तीत गुलाल, ढोल. आई आत जाऊन बसली. शेजारणी ओढायला आल्या तेव्हा बाहेर आली आणि नाचली. मी तिला नाचताना कधी बघितलं नव्हतं.

चौकाचौकांत पोलीस. खेड्यांकडच्या एस.टी. बंद म्हणतात. कुठं काच फुटली, कुठं टायर जाळले. एवढ्या सगळ्यात मनात मधूनच, दहा तारीख गेली.

१९ जाने.
गाड्या थोड्या सुरू. सरांना विचारलं, जाऊन बघू का? "आता? तुम्ही?" त्या "तुम्ही"त सगळं आलं. मग म्हणाले, "पोस्टकार्ड टाका." पोस्टकार्ड वाचणार कोण त्या घरात?

आईला सांगितलं नाही. फुलंब्रीला ड्यूटी आहे म्हटलं.

२० जाने.
जाऊन आले.

फुलंब्रीपर्यंत एस.टी., पुढं काळी-पिवळी जीप. वाडीत शिरताना पारावर चार-पाच माणसं. एकानं विचारलं, "कुनाकडं?" सांगितलं. "आडनाव?" ते पण सांगितलं. मग तोच, "मिळालं की नाव. खुश आसाल आता."
"हो. खुश आहे. सखारामचं घर कोणतं?"
हातानं दाखवलं.

घरी सखाराम मेंढरांच्या वाड्याला काटे लावत होता. मला बघून कावराबावरा. मफलर परत गालावर. त्याची आई उठली नाही, बसा पण म्हणाली नाही. पारावरचं तिच्यापर्यंत पोचलं होतं की म्हातारपणच, सांगता येत नाही. मी आपली खाली बसले.

"तुमीच म्हनलात ना कॅन्सर नाय? मंग कापायचं कशाला?"
"कॅन्सर नाहीच. ही गाठ फुफ्फुसात जात नाही, लिव्हरमध्ये जात नाही. पण आहे तिथलं हाड खाते. आज इथपर्यंत आहे." त्याच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. "राहू दिली तर इथं. मग कान, मग डोळ्याच्या खाली."
"मंग नुस्ती खरवडा. त्ये मोठे डाक्टर बी आधी तसंच म्हनले हुते."
"हाडाच्या बारीक भोकांत शिरलेली असते ती. खरवडली तर कण मागं राहतात."
म्हातारी तेव्हा बोलली, भिंतीकडं बघत. "हराळीवानी मंजी. वरून खुरपली की हाय तितंच."
"अगदी तसं, मावशी."

खरं कारण शेवटी निघालं. "आर्धं थोबाड घिऊन गेटावर कोन हुबं करील मला? आता निदान मफलर तरी गुंडाळता येतो." गोदा भडकली. "आन् डोळा गेल्यावर? तवा प्रेसवर हात कुटं ठिवशीला?" तो उठून बाहेर गेला. ती माझ्याकडं वळली. "तुमी कापनार का?"
"सर कापतील. मी तिथं उभी असेन."
"शेवटपोत्तर?"
"हो."

चहा आला नाही. विसरल्या की दिला नाही, माहीत नाही. निघाले तेव्हा गोदा जीपपर्यंत सोडायला आली, पारासमोरून, माझ्या बरोबरीनं चालत.

२७ जाने.
आले. दोघं आणि म्हातारी. भरती केलं.

गेटावर पंधरा दिवसांपूर्वीच दुसरा उभा केलाय म्हणे.

२ फेब्रुवारी
ऑपरेशन. जबड्याची खालची कड वाचली असती तर चेहरा पुष्कळ टिकला असता. हाड उघडलं तर कड तशी चांगली दिसत होती. पातळ, पण अखंड. सर थांबले. सगळ्यांसमोर मला, "तुमचं काय मत?"

कड ठेवावी असं फार वाटत होतं. गेटावरचा सखाराम डोळ्यांसमोर. पण एक्स-रेत बुडबुडा कडेला टेकलेला होता. "नको सर. आरपार घ्या."
"पुन्हा विचार करा."
"आरपार."

घेतलं. स्टीलची पट्टी बसवली. कमरेचं हाड काढून तिथं लावायचं ते नंतर कधीतरी, तो तयार झाला तर. कान जवळ आला तिथं मागं फार जागा नव्हती. सरांना जेवढं मिळालं तेवढं घेतलं. मी शेवटपर्यंत उभी होते.

६ फेब्रु.
जबडे तारेनं बांधलेले, पेज नळीनं. सूज इतकी की अजून चेहऱ्याचं काही म्हणता येत नाही. आज म्हातारीनं आरसा मागितला सिस्टरकडं. स्वतः बघून घेतलं आणि परत दिला, त्याला दाखवला नाही.

९ फेब्रु.
कादरी मॅडमकडं जाऊन आले. मऊ भागाच्या कडा साफ. काढलेली ती खालची कड पातळ, आम्लात लवकर मऊ झाली, ती चिरून बघितली, आत एक बारीक बेट निघालं. म्हणजे आरपार घेतलं ते बरोबर. पण कानाजवळचं हाड अजून आम्लात आहे, मऊ झाल्याशिवाय कापता येत नाही. "अभी कुछ नै बोलती मैं. उधर जगाच कम थी. तीन हफ्ते रुको." सरांना सांगितलं. मान हलवली. वरांड्यात बराच वेळ एकटेच उभे होते.

परवा घरी सोडणार. गोदाला सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी उलट्या क्रमानं: आधी दर सहा महिन्यांनी एक्स-रे, पुढं वर्षाला, मग वर्षानुवर्षं, दुखो न दुखो. मग कानाजवळचा तुकडा. कॅन्सर नाही हे अगदी शेवटी. तिनं मधे तोडलं नाही.

"गावात समदे इचारतील, बरा झाला का म्हनून. मी काय सांगू?"
"बरा आहे म्हणा."
"झाला, का हाय?"
"आहे."
"हाय," ती म्हणाली, आणि पेजेची वाटी घेऊन त्याच्या कॉटकडं गेली.