स्टीलची बाजू

३ मार्च १९८१, सकाळ

नवी वही. कारण इतिहास घडतोय आणि तो घडताना मी, हार्लन टीग, स्टील गिटारवर बसलेला असणार.

उद्यापासून नॅडीनच्या नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग. कंट्री म्युझिकच्या रेडिओ स्टेशनांवर ती गेली बारा वर्षं वाजतेच आहे, पण कंपनीने ठरवलंय की या वेळी पॉपवाल्यांनीही वाजवलं पाहिजे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, सगळीकडे. एवढ्या मोठ्या उडीसाठी नॅशव्हिलचा अनुभवी माणूस लागणारच. तिने मला फोन केला. आमच्या घटस्फोटाला तीन वर्षं झाली, तरी केला. समजणाऱ्याने समजावं.

संकल्प: बिअर बंद. रोज दोन तास रियाज. एक तारखेच्या आत आईच्या अंगणातला हा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं खोपटं, सोडायचा. इथे मी तात्पुरता राहतोय, तीन वर्षांपासून.

४ मार्च

नवा प्रोड्यूसर. नाव किप. लॉस एंजेलिसहून आलाय. घरातही काळा चष्मा. माझं चार पायांवर आडवं मांडलेलं स्टील बघून म्हणाला, हे काय, इस्त्रीचं टेबल? मी मोकळेपणाने हसलो. आम्हा कलावंतांत अशी थट्टा चालते.

बाकीचे सगळे वादक मोठ्या हॉलमध्ये कोंबले. मला एकट्याला स्वतंत्र खोली! त्यातल्या बादल्या आणि फरशी पुसायची फडकी खास माझ्यासाठी बाहेर काढली. किप म्हणाला, तुमचा आवाज इतरांच्या माईकमध्ये घुसतो. घुसणारच. दमदार आहे.

बिअर बंद उद्यापासून. आज पहिला दिवस होता.

९ मार्च

आज ‘मेंफिसपर्यंत’. नॅडीनने स्वतः लिहिलंय. नवरा-बायको गाडीतून मेंफिसला निघतात वगैरे. प्रवासाचं गाणं. शब्द हे माझं खातं नाही.

नॅडीन जिथे जिथे श्वास घेते तिथे तिथे मी एक सुंदर वळण टाकलं. जिथे घेत नाही तिथेही टाकलं. मोकळी जागा सोडणं हा निव्वळ आळशीपणा. मध्येच ती काचेपलीकडून म्हणाली, हार्लन, दुसऱ्या कडव्यात जरा थांबशील का? थांबलो. मग तिसऱ्यात दोन्ही कडव्यांचं मिळून वाजवलं. किपने चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसला. माणूस आतून हलला होता.

संध्याकाळी नॅडीनने मला कॉफी दिली. साखर न विचारता दोन चमचे. अजून लक्षात आहे तिच्या.

२० एप्रिल

अल्बमआधीची एका गाण्याची रेकॉर्ड आली! आईच्या रेकॉर्डप्लेअरवर लावली. कंपनीने एक युक्ती केलीय. दोन्ही बाजूंना एकच गाणं, ‘मेंफिसपर्यंत’. एक बाजू कंट्री स्टेशनांसाठी, तिच्यात फिडल आणि माझं स्टील. दुसरी पॉप स्टेशनांसाठी, तिच्यात व्हायोलिनांचा ताफा, किपचं सिंथेसायझर, आणि स्टील ऐकू येत नाही.

पुन्हा लावली. मग जमिनीवर बसून, स्पीकरला कान लावून ऐकली. नाही.

आई म्हणाली, छापताना सांडलं असेल रे. समजूतदार बाई आहे. पण मला वाटतं, किपने विचार करूनच केलंय. पॉपवाल्यांना पहिल्याच फटक्यात स्टील झेपणार नाही. आधी गाण्याची सवय लावायची, मग स्टील दाखवायचं. धोरण म्हणून ठीक आहे.

रियाज झाला नाही. बोटाला नख लागलंय.

६ मे

गाणं पॉपच्या यादीत चढतंय! नॅशव्हिलच्या बाईला न्यूयॉर्कवाले वाजवताहेत. आज किराणा दुकानात अंडी घेताना छतातल्या स्पीकरवर लागलं. पॉपची बाजू. तरीही ऊर भरून आला. गल्ल्यावरच्या मुलीला सांगितलं, यात मी आहे. तिने मन लावून ऐकलं. म्हणाली, कुठे आहात? मी म्हटलं, धोरणात. तिने अंडी पिशवीत भरली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

११ मे

अनर्थ. आता कंट्री स्टेशनंसुद्धा पॉपचीच बाजू लावताहेत!

आज सकाळी ऑर्विलने लावली. ऑर्विल, ज्याचा सकाळचा कार्यक्रम ऐकल्याशिवाय आमच्या भागात कुणाच्या घशाखाली नाश्ता उतरत नाही. शाळेत माझ्या बाकावर बसायचा. फोन करून झापलं. म्हणाला, मी काय करू, लोक तीच मागतात. ठीक आहे. लोकांनी वेगळं मागायची वेळ आलीय.

१२ मे

सकाळी सातला लेबनन गावची आजीबाई होऊन फोन केला. थरथरत्या आवाजात स्टीलची बाजू मागितली. सात-वीसला नॉक्सव्हिलचा ट्रकवाला. पावणेआठला बाप्टिस्ट पाद्री. पाद्री फारच छान जमला. शेवटी ‘आमेन’ही म्हणालो.

आठ वाजता ऑर्विल रेडिओवर म्हणाला, मंडळी, एका आजीबाईंनी, एका ट्रकवाल्याने आणि एका पाद्रीबाबांनी एकच फर्माईश केलीय, आणि गंमत बघा, तिघांच्याही मागे एकच कोंबडा आरवतोय. हार्लनराव, आधी आईच्या कोंबड्याला दाणे टाका!

सगळ्या टेनेसीने ऐकलं. हरकत नाही. माझं नाव रेडिओवर आलं, बऱ्याच दिवसांनी आलं.

१५ मे

नॅडीनचा फोन. त्या दिवशी गाडीत ऑर्विलचं ऐकून तिला गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली म्हणे. हसू आवरेना म्हणून की राग आवरेना म्हणून, ते मी विचारलं नाही.

मग मूळ विषय. आठ जूनला उन्हाळ्याच्या दौऱ्याची बस निघणार. चाळीस शहरं. किपचं म्हणणं, बसमध्ये स्टीलला जागा नाही. म्हणजे मला नाही. ती हे हळू आवाजात म्हणाली. बिचारी किपपुढे हतबल आहे.

तिथल्या तिथे तोडगा काढला. ऑर्विलचा शुक्रवारचा खेळ आहे, ‘ठेवा की फोडा’. दोन रेकॉर्डी लावतो, लोक फोन करून मत देतात, हरलेली रेकॉर्ड तो माईकसमोर हातोडीने फोडतो. म्हटलं, आपल्या दोन्ही बाजू लावू दे. स्टीलची जिंकली तर बसमध्ये माझी सीट. जनतेलाच ठरवू दे.

मग म्हणाली, आणि हरलास तर पुन्हा हा विषय नाही. कधीच नाही, हार्लन. मी म्हटलं, कबूल. तिला किपसमोर ठेवायला एक कारण हवं होतं, ते मी हातात दिलं.

बसमध्ये खिडकीची सीट मागायची. डाव्या बाजूची.

२४ मे, रविवार

प्रचार. चर्चमध्ये प्रार्थनेनंतर अंगणात जेवण होतं. कुणी तळलेलं चिकन आणतं, कुणी कॉर्नब्रेड. मी रेकॉर्डप्लेअर आणला. बटाट्याच्या सॅलडशेजारी मांडला आणि स्टीलची बाजू चार वेळा ऐकवली. पाद्रीबाबा (खरे) तिसऱ्या वेळी गाडीत काहीतरी विसरलंय म्हणून गेले ते आलेच नाहीत.

पण बायका! एकेक येऊन माझा हात हातात घेऊन, मान कलती करून, चुकचुकत म्हणत होती, देव तुझं भलं करो रे, हार्लन. पंधरा जणी. मिसेस ओडेलच्या तर डोळ्यांत पाणी होतं. पंधरा मतं पक्की. प्रत्येकीचा नवरा धरला तर तीस.

घरी येताना आईला हे सांगितलं. आई म्हणाली, बाळा, त्या मला पण तेच म्हणाल्या.

म्हणजे सगळं घराणं लोकप्रिय आहे.

२८ मे

बॅग भरली. शर्टांना इस्त्री केली, टेबल नव्हतं म्हणून स्टीलवर. (किपला कळू द्यायचं नाही.) आईला बजावलं, उद्या आठला फोन कर, स्टीलला मत दे. म्हणाली, बघते. ट्रेलरच्या मालकाला सांगायला निघालो, उन्हाळाभर मी नसेन, भाड्याने द्यायचा तर दे. मग आठवलं, ट्रेलर आईचाच आहे.

२९ मे, शुक्रवार, सकाळ

८.०० ऑर्विलने आधी पॉपची बाजू लावली. मग स्टीलची. माझं तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा रेडिओचा आवाज वाढवला.

८.१० लाइन लागेना. जनता जागी झाली!

८.३५ निकाल.

पॉपची बाजू दोनशे चौदा. स्टीलची तीन.

ऑर्विल म्हणाला, आता पंचाईत. दोन्ही बाजू एकाच रेकॉर्डवर, फोडणार कशी? मग त्याने माईकसमोर खिळा घेऊन फक्त माझी बाजू खरवडली. करकरकर. वर म्हणाला, मंडळी, खरं सांगा, या बाजूवर एवढं गोड अजून काही वाजलंय का? मागे स्टुडिओत लोक हसले. मी रेडिओ बंद केला नाही. का नाही केला, माहीत नाही.

३० मे

शांतपणे विचार केला. तीन मतं. दोन माझी. एक घरून, एक मिसेस ओडेलकडून, तिच्याकडे कोंबडा नाही. तिसरं अर्थात आईचं. दोनशे चौदा गेले खड्ड्यात, आई ती आई.

अंगणातली चार फुलं तोडून तिच्या स्वयंपाकघरात गेलो. मऊ, पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतत होती. फुलं दिली, थँक्यू म्हटलं. तिने पातेलं खाली ठेवलं.

म्हणाली, हार्लन, मी दुसऱ्या बाजूला मत दिलं.

मला वाटलं, आकडा चुकला असेल. नाही. म्हणाली, बारा वर्षं नॅडीन गातेय आणि मी ऐकतेय. त्या बाजूवर पहिल्यांदा तिचे सगळे शब्द ऐकू आले मला. मध्ये मध्ये तुझं ते येत नव्हतं. ती काय म्हणतेय ते तू ऐकलंयस का रे कधी?

मी म्हटलं, मी वाजवत होतो.

म्हणाली, तेच.

बिस्किटं खाल्ली नाहीत. मग खाल्ली.

८ जून

बस सकाळी सहाला गेली. बघायला गेलो नाही. बॅग अजून भरलेलीच आहे.

नऊला ऑर्विलचा फोन. खिळ्याबद्दल सॉरी म्हणाला. मग म्हणाला, एक गोष्ट सांगणार नव्हतो, तिने नको म्हटलं होतं, पण आता ती गेली. तुझं तिसरं मत नॅडीनचं होतं. वीस मिनिटं लाइनवर थांबून दिलं, स्वतःचं नाव सांगून दिलं.

यातून काय समजायचं ते मला लिहिता येत नाहीये. फार वाईट वाटलं, एवढं खरं. ऑर्विल बोलत होता तरी फोन ठेवून दिला.

दुपारी आईच्या खोलीत जाऊन पॉपची बाजू लावली. या वेळी स्टील शोधलं नाही. खुर्चीत बसलो, तोंड मिटलं आणि नॅडीन काय म्हणतेय ते ऐकलं.

नवरा गाडी चालवतोय आणि बोलतोय. नॅशव्हिल सोडल्यापासून बोलतोय. बायकोला काहीतरी सांगायचंय, ती तोंड उघडते, तो बोलतोय. पेट्रोल भरायला थांबतात. ती बाथरूमला जाऊन येते तर गाडी नाही. तो बोलत बोलत पुढे निघून गेलाय. आणि शेजारची सीट रिकामी आहे हे त्याला कळायला चाळीस मैल लागतात.

साफ खोटं आहे.

मला सव्वीस मैल लागले होते.