भावजींची गाडी आणि लेकीचे भरलेले दिवस

आदरणीय मोठ्या भावजींना आणि जाऊबाईंना माझा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की कंबर धरते नि उठायला टेबल लागतं, म्हणून निम्मीच वाकले आहे. उरलेला नमस्कार समजून घ्यावा.) तुमची नवी कवळी नीट बसली का, जाऊबाईंच्या डोळ्यातलं पाणी थांबलं का, ते कळवा. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर एक लेक सोडली तर कुणीच धड नाही, आणि लेकीचे तर दिवस भरलेत.

पत्र का लिहिते असं वाटेल. फोनवर गाडीचा विषय निघाला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं, म्हणून लिहिते. जावयाच्या कारखान्याचा ट्रक उद्या सकाळी तुमच्या बाजूला जाणार आहे, त्या ड्रायव्हरच्या हातात हे पाकीट देणार आहे. त्याला सांगून ठेवलंय, समोर वाचायला लावून मगच निघ. तेव्हा तो दारात उभा असेल तर त्याला आत बोलवा, चहा द्या आणि शेवटपर्यंत वाचा.

तुम्ही आमची विचारपूस करताना माणसांच्या आधी गाडीची करता, म्हणून गाडीपासूनच सुरू करते. तुम्ही नवी घेतलीत तेव्हा जुनी आम्हाला दिलीत, उपकार आहेत, विसरले नाही. पण देताना म्हणाला होतात की गाडी गरीब आहे, त्रास देणार नाही. भावजी, गरीब आहे ती मी. गाडी नुसती आजारी आहे. सेल्फ लागत नाही, त्यामुळे आमच्या गल्लीच्या उतारावर लावून ठेवायची, ब्रेक सोडायचा, घरंगळू द्यायची नि मधेच गिअरमध्ये टाकायची, मग दचकल्यासारखी चालू होते. पावसाचा वायपर एकच चालतो, तोही बाजूला बसणाऱ्याच्या पुढचा. म्हणजे रस्ता ज्याला दिसतो त्याच्या हातात स्टिअरिंग नाही. मागचं डावं दार आतून उघडत नाही, उजवं कुठूनच उघडत नाही. उजवीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. माझ्या कँटीनला भाज्यांची पोती घेऊन जाते तेव्हा वळणावर लोक मला हात करतात, त्यांना वाटतं ओळखीची आहे. आणि चढ आला की तापते. काटा वर चढायला लागला की माझ्या छातीत धडधडतं, काटा नि मी बरोबरच चढतो.

गॅरेजवाल्याचं नाव मी ‘होऊन जाईल’ ठेवलंय. काहीही सांगा, तो बॉनेटमध्ये डोकं घालून एवढंच म्हणतो. सेल्फचं सांगितलं, होऊन जाईल. तापते म्हटलं, होऊन जाईल. चार दिवस ठेवून घेतो, नि परत देताना जुना आजार तसाच आणि वर एक नवा आवाज. आता मधूनच पायाखाली कुणीतरी डबा घासतंय असा आवाज येतो. हा कसला म्हणून विचारलं तर म्हणे, बाई, गाडी जुनी आहे, बोलणारच. मी म्हटलं, मीही जुनी आहे, मी बोलायला लागले तर तुला दुकान बंद करावं लागेल. तर हसला. तुमच्या बंधूंना विचारावं तर ते डोळे मिटून गाडी ऐकतात, गाणं ऐकल्यासारखी मान हलवतात नि म्हणतात, हवा अडकली आहे. कुठली हवा, कुठे अडकली, ते सांगत नाहीत. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण मत देता येतं.

आता लेकीकडे येते, कारण सगळा घोर तिथेच आहे. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून शेवटचा महिना ती आमच्याकडे आली आहे. जावई कारखान्याच्या लांबच्या युनिटवर अडकलाय, बॉयलर बसवतायत, रजा मिळत नाही. (रोज फोन करतो आणि रडवेल्या आवाजात मलाच विचारतो, आई, सगळं ठीक होईल ना. म्हणजे मी लेकीला धीर देऊ, की जावयाला, की गाडीला.) दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे तो मोठा पूल, त्याचा चढ. रुग्णवाहिका आमच्या गल्लीत शिरत नाही, कोपऱ्यावर विजेचा खांब आडवा येतो. मागे शेजारच्या म्हातारबाबांना खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं होतं आणि खुर्ची धरणाऱ्यांचं आपसात भांडण झालं, त्यांना मधेच खाली ठेवलं. तसं माझ्या लेकीचं होऊ देणार नाही. मग उरली ही गाडी.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला नुसतं बसून काळजी करता येत नाही. कँटीनमध्ये मोठं जेवण असलं की आदल्या दिवशी एकदा सगळं लावून बघते. तसंच हे करून बघायचं ठरवलं. रविवारी दुपारी, रस्ता मोकळा असताना, घरापासून दवाखान्यापर्यंत पूर्ण तालीम. लेकीला धक्के नकोत, म्हणून तिच्या जागी तुमच्या बंधूंना बसवलं. सीटचा पट्टा एवढ्या पोटावरून पुरतो का ते बघायचं होतं, म्हणून त्यांच्या पोटाला उशी बांधली, वरून लेकीची शाल. त्यांना बजावलं की बाळंतपणाला निघालेली बाई गाडीत मतं देत नाही, फक्त कण्हते. तेवढंच करायचं. भावजी, लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्या माणसाने माझं सांगणं इतकं मनावर घेतलेलं मी पहिल्यांदा बघितलं. गल्ली संपायच्या आत त्यांनी असा सूर लावला की मीच दोनदा मागे वळून पाहिलं.

पट्टा पुरला, बरं का. उतारावर चालूही झाली. पुलापर्यंत झकास. चढाच्या मध्यावर काटा चढला, पायाखालचा डबा घासायला लागला, बॉनेटमधून वाफ आली नि गाडी बसली ती बसलीच. मी उतरून पाण्याच्या बाटल्या काढल्या, फडकं घेऊन बॉनेट उघडलं. मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न. (आमचा सोडून. तो वळल्याशिवाय वाजत नाही.) आणि हे मागे बसून कण्हतायत. थांबा असं मी सांगितलं नव्हतं आणि दार आतून उघडत नाही. आतमध्ये भट्टी झालेली, तोंड लालबुंद, घाम गळतोय, पोट हे एवढं.

एक माणूस काचेतून डोकावला आणि ओरडला की आत कुणाचं तरी पोट फुगलंय. मग काय विचारता. दहा माणसं जमली. एक बाई, बहुतेक नर्स असावी, म्हणाली हलवू नका, कुणी हात लावू नका. मी सगळ्यांना सांगत होते की त्यांना काही झालेलं नाही, ही तालीम आहे, ते बाळंतीण झालेत. हे वाक्य मी तीन वेळा म्हटलं आणि प्रत्येक वेळी लोकांनी माझ्याकडे जास्त मायेने बघितलं. शेवटी त्या बाईने मला धरून कठड्याजवळ बसवलं, पाणी पाजलं नि दुसऱ्या एकीला हळूच म्हणाली, "बिचारीला धक्का बसलाय, हिच्याकडेही लक्ष ठेवा."

इकडे तुमच्या बंधूंच्या ध्यानात आलं की आता एवढ्या लोकांसमोर शालीखालून उशी काढायची म्हणजे पुलावरून खाली उडी मारण्यासारखंच आहे. म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यामुळे तर लोक फारच घाबरले. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर घेताना उशी सुटली आणि दोन्ही वॉर्डबॉयच्या मधोमध पडली.  एकाने ती उचलली, झटकली आणि काही न बोलता ह्यांच्या डोक्याखाली ठेवली. चांगला माणूस म्हणायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण जिभेला हाड नाही. आधी मला झाडलं, मग ह्यांना तपासलं, नि बघतात तर रक्तदाब खरंच वर गेलेला. संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. सुटी देताना गोळ्या दिल्या आणि ताकीद दिली की वजन उचलायचं नाही, काही ढकलायचं नाही, चिडायचं नाही. आता ते घरात राजासारखे बसतात, मी झाडू हातात दिला तरी म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलंय. गाडी तोपर्यंत वाहतूकवाल्यांनी ओढून नेली होती. सोडवून आणली, ‘होऊन जाईल’कडे टाकली, त्याने कुठला तरी पाइप बदलला.

परवा मी पुन्हा एकटीने तालीम केली, ह्यांच्या जागी बटाट्याचं पोतं बांधून. गाडी एकदाही थांबली नाही. चढ सरळ चढून गेली, काटा हललासुद्धा नाही. पोतं दवाखान्याच्या दारात जाऊन पोचलं. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. माझी मात्र तेव्हापासून झोप उडाली आहे. एवढी चांगली चालली म्हणजे तिने होतं नव्हतं ते बटाट्यांवर खर्च केलं असणार. आता कामाच्या मधेच खिडकीत जाऊन बघते की उभी आहे ना. जाता येता बॉनेटला हात लावते, मुलांचं कपाळ बघतो तसा. कँटीनमध्ये काल वरणात दोनदा मीठ घातलं. लेक जराशी कूस बदलून ‘आई गं’ म्हणाली की मी किल्ली घेऊन दारात.

आणि ती पोरगी मजेत आहे. मी काल तिला म्हटलं, जावयाच्या मित्राची गाडी सांगून ठेवते, हिचा भरवसा नाही. तर म्हणाली, "नको आई. मला तुझ्याच गाडीतून जायचंय." मला भरून आलं, भावजी. मी म्हटलं, एवढा विश्वास आहे का गं माझ्यावर. म्हणाली, "तसं नाही. गाडी चालवताना तू सगळा वेळ गाडीला शिव्या देतेस. दुसऱ्याच्या गाडीत तू माझ्या शेजारी बसशील नि माझं तोंड बघत बसशील. मग मी घाबरेन."  मी आत जाऊन भांडी घासली. घासलेली होती, तरी घासली.

तर असं आहे सगळं. जाऊबाईंना सांगा की त्यांनी दिलेली दुपटी धुऊन ठेवली आहेत. तुमचे बंधू नमस्कार सांगतात, स्वतः लिहीत नाहीत, डॉक्टरांनी ताण घ्यायला मनाई केली आहे म्हणे. मोठ्यांचा आशीर्वाद लेकीवर असू द्या, नि थोडा उरला तर रेडिएटरवर.

तुमची धाकटी भावजय

ता. क. आता खरं काम लिहिते, आडपडदा नको. तुमची नवी गाडी महिनाभर द्या. उभीच तर असते, तुम्ही तिला कापड घालून ठेवता. मी जपून चालवेन. तुम्ही स्वतः यायची तसदी घेऊ नका, ड्रायव्हर पाठवा. तुमच्या चालवण्याला वेग नाही, आणि बाळ थांबत नसतं. राग मानू नका, मी जे आहे ते बोलते.

ता. क. दुसरा. वरचं रद्द समजा. लेकीने पत्र हातातून घेऊन वाचलं. म्हणते, काकांच्या गाडीचा आवाजच येत नाही, दारं नीट उघडतात, त्यात तुला शिव्या द्यायला काय मिळणार, तू माझ्याशीच बोलशील. ती त्यात बसणार नाही. हट्ट तुमच्या घराण्याचा आहे, आमच्याकडे असं नव्हतं.

ता. क. तिसरा, आणि हाच धरून चाला. गाडी ठेवा घरी, तुम्हीच या. आमची ही जुनी पुलावर बसली तर मला स्टिअरिंग सोडता येणार नाही, लेकीला उतरवता येणार नाही, तुमच्या बंधूंना ढकलायची मनाई, जावई बॉयलरमध्ये. उरलात तुम्ही. ट्रक परत येताना तुम्हाला घेऊन येईल, ड्रायव्हरशी बोलले आहे, म्हणूनच तो दारात थांबलाय. चहा झाला असेल तर त्याला फार ताटकळत ठेवू नका. कपडे दोनच घ्या, पण बूट जुने घाला, ज्यांची पकड चांगली आहे ते. पुलावर खडी फार आहे.