नाळेवरचा तांब्याचा पत्रा

॥ श्री चंडिका प्रसन्न ॥

लिहून ठेवणार आत्माराम धाकू शिवलकर, धंदा शिडाच्या मचव्याने मालाची ने-आण, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहवून घेत नाही. शरीर मात्र थकले आहे. विहिरीपर्यंत जाऊन आलो तरी धाप लागते. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून चीजवस्तूंची व्यवस्था पुढे लिहिल्याप्रमाणे करीत आहे. मी सांगतो आणि शाळेतले राजाभाऊ मास्तर लिहितात. त्यांनी माझे बोलणे शुद्ध करावे, पण मऊ करू नये असे बजावले आहे.

कलम पहिले. मिरकरवाड्यातील कौलारू घर, मागचे माड व विहीर यांचा उपभोग माझे कुटुंब दमयंती हिने हयात असेपर्यंत घ्यावा. तिच्यामागे हे सर्व आमची एकुलती मुलगी सगुणा हिचे. दमयंतीने माझ्या संसारात ओल्या कपड्यांखेरीज फारसे काही पाहिले नाही. मी घरी यायचो तो भिजलेला आणि चिडलेला. तिने मला कधी मचवा विका असे म्हटले नाही. म्हटले असते तर मी ऐकले नसते, हे तिला माहीत होते. ट्रंकेत जी रोकड निघेल ती तिचीच. माझ्या दिवसकार्यावर ती उधळू नये.

कलम दुसरे. धाकटा भाऊ दादू याविषयी. वाटणीत त्याने आंब्याची बाग घेतली आणि गळका मचवा माझ्या वाट्याला आला. आत्मारामाला मुलगा नाही, तेव्हा मचवाही आपल्याकडेच येणार, असे तो बंदरावर बोलतो हे कानावर आहे. येणार नाही. तो एक हंगाम मचव्यावर होता आणि पाणी उपसायची पाळी आली की त्याला झोप यायची. तरी सख्खा भाऊ आहे, त्याला रिकाम्या हाताने सोडणे बरे दिसत नाही. सबब पाणी उपसायचा डबा त्यास द्यावा. डबा चांगल्या स्थितीत आहे. दादूच्या हातून तो झिजलेला नाही.

कलम तिसरे. सांध्यांत कापूस ठासायच्या छिन्न्या, लाकडी मोगरी आणि राळ तापवायची कढई जावई शिवा यास द्यावी. तोच माझ्या मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या आहे. हत्यारांसोबत चार शब्दही द्यावेत, कारण समोर सांगितले की तो हो हो म्हणतो आणि घाई करतो. पाणी दिसते तिथेच गळती आहे असे समजून धावू नये. ते एकीकडून शिरते आणि फासळ्यांच्या कडेने फिरत भलतीकडे जाऊन बसते. आधी बोट बुडवून जिभेला लावावे. गोड लागले तर ते पावसाचे, वरच्या फळ्यांतून उतरलेले. खारट लागले तर तळ बघावा. तळ कोरडा पुसून त्यावर चुलीची चाळलेली राख भुरभुरावी आणि भरतीचे पाणी मचव्याला लागेपर्यंत गप्प बसावे. राखेत पहिली काळी रेघ जिथून निघते तिथे गळती. कापूस ठासायचा तो बाहेरून. आतून ठासला तर समुद्र तो परत आत ढकलतो. हे सर्व ठाऊक असून मी जन्मभर आतूनच ठासत आलो. त्याचे कारण पुढे येते.

कलम चौथे. ‘चंडिका’ मचवा. दर वर्षी राखेची रेघ मला एकाच जागी नेते, मचव्याच्या नाकाशी, म्हणजे नाळेवर ठोकलेल्या देवीच्या पत्र्यामागे. माझे वडील धाकू जयगडपुढे तुफानात सापडले, देवीला नवस बोलले आणि जिवंत परत आले. तो नवस फेडायला त्यांनी चंडिकेची मूर्ती उठवलेला तांब्याचा पत्रा नाळेवर बसवला. बसवला लोखंडी खिळ्यांनी. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड टिकत नाही हे त्यांना माहीत नव्हते असे नाही, पण नारळी पुनवेचा मुहूर्त टळत होता आणि हाताशी तेच खिळे होते. पुढल्या वर्षी ते तापाने वारले आणि त्याच सुमारास मचवा पाणी घेऊ लागला.

मी गळती शोधून काढली आणि पकड घेऊन पत्र्यापाशी गेलो. तेवढ्यात आई, यमुनाबाई, पेज घेऊन किनाऱ्यावर आली. तिने पेज खाली ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “आत्म्या, तुज्या बापाशीन ठोकलेला पत्रा हाय तो. त्याला हात लावलंस तर माजी शपत हाय तुला.”

आमच्यात शपथ जिने घातली तिनेच सुटली म्हणावे लागते. आणि देवीच्या वस्तूचा पहिला खिळा मालकाने उपटल्याशिवाय कोणी सुतार पुढे हात घालत नाही. मालक मी, आणि शपथ मालकालाच. आईची समजूत काढता काढता ती आजारी पडली आणि तिची वाचा गेली. मी उशाशी बसून म्हटले, आई, सुटली म्हण. तिने माझ्याकडे पाहिले आणि माझा हात कुरवाळला. ते हो होते की निरोप होता, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. मग आतून ठासणे आले आणि उपसणे आले. यात आयुष्य गेले. आता फार कंटाळा आला आहे.

या कलमात आधी असे लिहिले होते की माझ्यामागे मचवा सगुणेचा, माझ्याबरोबर शपथही जाईल आणि तिने मालकीण म्हणून पत्रा काढावा. राजाभाऊंनी ते मोठ्याने वाचले. गेल्या हंगामात दोन माणसे सतत उपसत होती तेव्हा कुठे मचवा दाभोळला पोचला, आणि आता पुनवेचा नारळ पडला की शिवा पुन्हा निघणार, हे घरात सर्वांना ठाऊक होते. सगुणा चुलीपाशी होती. तशीच ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, तुमचा जावय पुनवेला दर्यात जानार. तुमी मरायची वाट बगत बसू काय मी?”

दमयंतीने तिला रागावले. मी रागावलो नाही. राजाभाऊ म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर चालते, बक्षीसपत्र जिवंतपणी चालते; मालक मरायलाच हवा असे नाही, तो मालक उरला नाही म्हणजे झाले. ऐकून मला बरे वाटले नाही. मचव्याचा मालक म्हणून मरायचे एवढी एकच हौस राहिली होती. काही दिवसांनी मनाची तयारी केली. मग शिवाच्या खांद्याला धरून बंदर कचेरीत गेलो आणि मचवा सगुणेच्या नावे करून दिला. कारकुनाने विचारले, मुलीच्या नावावर? म्हटले, मुलीच्या.

सबब आधीचा मजकूर खोडला आहे. राजाभाऊ नवी प्रत करू म्हणतात, मला तेवढा दम नाही. ‘चंडिका’ मचव्याविषयी या मृत्युपत्रात द्यायला काही नाही, कारण तो माझा नाही. दादूला कोर्टात जायचे असेल तर खुशाल जावे.

कलम पाचवे. हे आज सकाळचे आहे. ओहोटी लागल्यावर सगुणेने नाळेला कुंकू लावले, नारळ ठेवला आणि सुताराकडून छिन्नी घेतली. मी पाठ फिरवून वाळूत बसलो होतो. शपथ हाताची होती, डोळ्यांची नव्हती, पण बघवेना. गंजका खिळा निघताना करकरतो, त्या आवाजासाठी मी कान देऊन होतो. आवाज आला नाही. मला वाटले, तिचाही धीर सुटला. मग ती पदरात पत्रा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, उपटायला कायच नव्हतं,” ती म्हणाली. “खिळं कवाच गंजून ग्येलं. नुसत्या मिठावर चिकटून व्हता. बोट लावलं नि हातात आला.”

मला रडू आले. सुतार बघत होता, त्याचे काही वाटले नाही. नाळेची कुजलेली फळी तो आजच बदलतो आहे. पत्रा देवघरात ठेवावा, परत ठोकू नये. पुनवेला मचवा पाण्यात घालतील तेव्हा मला उचलून न्यावे लागले तरी न्यावे. तळ कोरडा राहिलेला मला एकदा बघायचा आहे.

वरील मजकूर राजाभाऊंनी मला वाचून दाखवला. खाडाखोडीसह तो माझाच आहे. आणखी सांगण्यासारखे काही नाही.

सही: आत्माराम धाकू शिवलकर

साक्षीदार:
गोपाळकृष्ण बळवंत पटवर्धन, वैद्य
गणू रामा मेस्त्री, सुतार

हस्ताक्षर: राजाभाऊ केशव जोगळेकर, शिक्षक

मुक्काम मिरकरवाडा, रत्नागिरी. श्रावण शुद्ध अष्टमी, शके १८५६, सन १९३४.