सतरा नंबरचे जॉइंट

बाबा, आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या महिन्यात नौदलाची ती विनाशिका, तुमच्या पाइपांची युद्धनौका, समुद्रात असताना तिच्या एका मशिनरी खोलीतला खाऱ्या पाण्याचा पाइप जॉइंटवर फुटला. यंत्रं थंड ठेवणारं पाणी त्यातून जातं.
२. पाणी विजेच्या पॅनलवर उडालं. पॅनल बंद करायला धावलेल्या नौसैनिकाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.
३. जहाज गोदीत आलं. पाइपचा तो तुकडा कापून तपासणीसाठी माझ्याकडे दिला. वेल्ड वरून गुळगुळीत होतं, आतून अर्धवट. धातू मुळापर्यंत पोचलाच नव्हता.
४. जॉइंटशेजारी शिक्का आहे: १७. तो तुमचा वेल्डरचा नंबर.
५. नोंदवहीप्रमाणे हा जॉइंट ज्या दिवशी झाला, त्या दिवशी तुम्ही रोह्याला कामावर गेलाच नव्हतात. पेणला होतात.

पाचवा मुद्दा गोदीत फक्त मला माहीत आहे.

मी आठवीत होते. गणितात नापास झाले होते आणि प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच केली होती. बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही खाडा करून शाळेत आलात, माझ्या सहीवर रेघ मारलीत, खाली स्वतःची सही केलीत आणि तारीख घातलीत. आपण घरी येतो तेव्हा आई आणि शेजारच्या दोघी पोह्याचे पापड लाटत बसल्यात. तुम्ही चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारातूनच सगळं सांगता, त्यांच्यासमोर. एक शेजारीण तुम्हाला शांत करायला म्हणते, पोरीची सही बापापेक्षा चांगली हाय, बँकेत लागंल. कुणी हसत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता.

"आपलं नाव दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाय. दुसऱ्याचं आपण घ्यायचं नाय. जेवायला नसलं तरी."

मी ते पाठ केलं. आज स्वतः मोजल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही, हाताखालची माणसं त्यावरून माझी टिंगल करतात, आणि ही सवय त्या दुपारची आहे. ते प्रगतिपुस्तक आईच्या कपाटात आहे. परवा पेणला जाऊन काढलं. तारीख नोंदवहीतलीच आहे.

त्या जहाजाबद्दल तुम्ही जेवढं बोललात तेवढं स्वतःबद्दल कधी बोलला नाहीत. रोह्याच्या वर्कशॉपमध्ये पाइप बनायचे, ट्रकने गोदीत जायचे. जहाजावर तुम्ही एकदाही पाऊल ठेवलं नाहीत. ती नौदलात दाखल झाली तेव्हा पेपरातला फोटो फ्रेम करून आणलात आणि पिठाच्या डब्याच्या वर लावलात. तिने एडनच्या आखातात चाच्यांच्या होड्या पळवल्या, लढाई पेटलेल्या बंदरातून आपली माणसं परत आणली, वादळानंतर बेटांवर पाणी आणि औषधं पोचवली. प्रत्येक बातमीला तुम्ही म्हणायचात, आपल्या पाइपांवर चाललीय. तुम्हाला माहीत नव्हतं ते मला आता माहीत आहे. तिच्या बाजू तिरक्या का आहेत, रडारची लहर आली त्या दिशेला परत जाऊ नये म्हणून. एका खोलीत पाणी शिरलं तर शेजारची कोरडी राहते. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राला दुसरं यंत्र आहे, एक बाजू उडाली तरी दुसऱ्या बाजूने जहाज लढत राहावं. आराखडा करणाऱ्यांनी शत्रूचा सगळ्या बाजूंनी विचार केला होता. तुमचा केला नव्हता.

मागच्या रविवारी मी रोह्याला गेले. तुमच्या शेजारच्या टेबलावर काम करणारे काका आता घरची वालाची शेती बघतात. मला शेताच्या बांधावर बसवून ते बराच वेळ वालाविषयीच बोलले, औंदा कीड फार आहे वगैरे. मी पाइपचा फोटो पुढे केला, जॉइंटची तारीख सांगितली. मग म्हणाले, "हा माझ्या हातचा. ह्या तांबं-निकेलच्या पाइपांच्या वेल्डिंगच्या परीक्षेत तुझा बाप एकटा पास, आमी तिघं नापास. जॉइंट ढिगाने. मग काय जहाज थांबवायचं गो? नंबर त्याचा, हात आमचे."

मी विचारलं, बाबांना माहीत होतं?

"त्यानेच आदल्या दिवशी शिक्का माझ्या हातात दिला. बोलला, उद्या पोरीच्या शाळेत जायचंय."

सगळ्या जॉइंटांचे एक्स-रे काढत नाहीत, निवडक काढतात. निवडताना सुपरवायझर तुमचे खरे जॉइंट पुढे करायचा, असंही काकांनी सांगितलं. तुमचे कुठले, हे मात्र त्यांना सांगता येईना. ते तुझ्या बापालाच ठाऊक, म्हणाले.

खराब वेल्ड मी समजू शकते. हात चुकतो, गॅस कमी पडतो. पण तुम्ही शिक्का देऊन शाळेत आलात, माझ्या खोट्या सहीवर रेघ मारलीत, आणि त्याच वेळी रोह्यात तुमचा नंबर हातोडीने ठोकला जात होता. तरीही तुम्ही त्या दारात उभे राहून ते बोललात. ते बोलताना तुमचा आवाज चढला नव्हता. मला राग येतो तो त्या आवाजाचा.

रिपोर्टमध्ये "एका जॉइंटचं सदोष काम" एवढं लिहिलं तर पाइप बदलून जहाज ठरल्या दिवशी निघेल, आणि सतराचे बाकीचे जॉइंट तसेच समुद्रात जातील. खरं लिहिलं तर भिंतींची आवरणं काढून प्रत्येक जॉइंट तपासावा लागेल, जहाज कित्येक महिने गोदीत राहील, आणि तुमचं नाव चौकशीत येईल. अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं, आडनाव एकच आहे, नात्यातले का? मी म्हटलं, रायगडात हे आडनाव पुष्कळ आहे. तुमच्या शिकवणीनंतर बोललेलं हे माझं पहिलं खोटं, आणि तेही तुमच्यासाठी. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. "गेलेल्या माणसाला चौकशीला उभं करतेस काय गो," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

रिपोर्ट लिहून झाला आहे. नातं लिहिलं आहे, काकांचं म्हणणं लिहिलं आहे, प्रगतिपुस्तकाच्या त्या पानाची प्रत जोडली आहे. सोमवारी सकाळी दहाला तो देणार. हे पत्र मात्र कुणाला द्यायचं नाही.

सतराचे सगळे जॉइंट मशीन तपासेल, त्यासाठी तुमची गरज नाही. पण चांगलं वेल्ड कुणाच्या हातचं, हे मशीन सांगत नाही. तुमच्या हातचे कोणते होते, ते मला रविवार संध्याकाळपर्यंत कळवा. रिपोर्टसाठी नाही. मला त्यांतला एक तरी बघायचा आहे.