चिंगीचं बाळंतपण
मल्लेश्वरम, शुक्रवार, १९५९

सकाळी घरमालक दारात येऊन म्हणाले, "रविवारपर्यंत मांजर जायला हवं, नाहीतर तुम्ही." ह्यांनी मुकाट्यानं मान डोलावली. निपाणी सोडून इथं आलो, आता पुन्हा घर कुठं शोधायचं?

दुपारपासून चिंगी दिसेना. एवढं पोट घेऊन गेली कुठं? की ह्यांनीच पोत्यात घालून लांब सोडली? विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मालकांच्या आईंनी हाक मारली. जाऊन बघते तर त्यांच्या कोठीत, मालकांच्या रेशमी सोवळ्यावर चिंगी आणि तीन पिल्लं. नेमकं सोवळंच मिळालं हिला. मालक काठी घेऊन आले. म्हातारी दारात आडवी उभी राहिली आणि कानडीत म्हणाली, "बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का रे?" मग मला म्हणाली, "स्वल्प दूध आण, बाई." मालक सोवळ्याकडं बघत राहिले, मग निघून गेले.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिलाच शोधत होतो."

घरी आणायला की सोडून यायला, ते मी विचारलं नाही.