टँकरवरचं स्थळ

मुखेड, ६ एप्रिल १९८७

ति. व्यंकटीदादास,
पंचशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडं सगळी खुशाल आहेत. विहिरी आटल्या, पण स्थळं काही आटली न्हाईत! उदगीरचा श्रीमंत नावाचा ग्रामसेवक परवा मला बघून गेला. तासभर खाली मान घालून बसला. चहा गोड झाला का विचारलं तर नुसतं हाव म्हणाला. बाबा म्हणतात, गरीब गाय आहे. मला काही अंदाज लागला न्हाई. त्याच्या चुलतभावाचं रेणापूरचं लग्न तुमच्याच दुकानानं शूट केलंय म्हणे. त्या कॅसेटीत बघ ना, चारचौघांत कसा वागतो. त्याचा फोटो सोबत ठेवलाय. लवकर कळव, बाबांना उत्तर द्यायचंय. वहिनीला माझी आठवण सांग.
तुझीच,
पंचशीला

लातूर, १० एप्रिल

चि. पंचशीलास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. जिल्हा झाल्यापासून इथं व्हिडिओशिवाय कुणी लग्नच लावत न्हाई. आमची दोन्ही यंत्रं तापून राहिलीत. माझा जोडीदार वीरभद्र यानं काल नवरीऐवजी एका आजोबांच्या तोंडाभोवती गुलाबी बदाम उमटवला. मालक लई भडकले.

तू पाठवलेला त्याचा फोटो टीव्हीला टेकवून रेणापूरच्या सगळ्या कॅसेटी पळवल्या. सापडला! वरात मांडवाशी येतेय तोच पाण्याचा टँकर आला, अन् अर्धी वरात बँडसकट तिकडं पळाली. तुझी गरीब गाय टँकरच्या टपावर उभी राहून, दोन्ही हात हलवत नुसती ओरडून राहिलीय. बँडपुढं शब्द ऐकू येत न्हाई. तेवढाच तुकडा इतका मागंपुढं केला की टेप यंत्रात अडकली, मग मालक यायच्या आत दोघं ती बोटानं गुंडाळत बसलो. वीरभद्र म्हणतो, आधी बायांना भरू द्या म्हणत असेल. मला वाटतं, ड्रायव्हरला शिव्या घालतोय. माणूस तापट दिसतो, पंचे. घाईनं होकार देऊ नको.
तुझा काळजीवाहू,
दादा

मुखेड, २० एप्रिल

ति. दादास,
जयभीम. तुझं पत्र ऐकून बाबा नकार कळवायलाच निघाले होते. मी अडवलं, म्हटलं, त्यालाच विचारू. काल तो आईला घेऊन आला. मी सगळ्यांसमोर विचारून टाकलं, की रेणापूरला टँकरवर चढून कुणाला शिव्या देत होता? आपली आई डोळे वटारून बघून राहिली. तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, शिव्या कशाच्या! पाईप लावायला चढलो तर खरा, पण खाली बघितलं अन् गरगरायला लागलं. मला उतरवा, मला उतरवा, म्हणून ओरडत होतो. सगळं गाव पाणी भरून गेलं, तेव्हा कुठं कुणाचं तरी लक्ष गेलं.

मला हसू आवरेना. मग त्याची आई हसली, मग बाबा, शेवटी तोही.

दादा, स्वतःची फजिती चारचौघांत इतकी सरळ सांगणारा माणूस मला चालतो. मी होकार दिलाय. वीरभद्रभाऊंना सांग, त्याला घाबरट म्हणून चिडवायचं न्हाई. ते काम आता माझं.
माया आहेच तुझी. ती आता दोघांत वाटून दे.
तुझीच,
पंचशीला